धुतलेला धूर

गेटवेहून घारापुरीची लेणी पाहावयास निघालेल्या लाँचमधील उतारूंची दृष्टी एक तर पाठीमागे सरत जाणाऱ्या ताजच्या घुमटावर खिळलेली असते, नाही तर पुढे मोठ्या होत जाणाऱ्या हिरव्या डोंगरावर. या दोहोंच्या मध्ये जवाहर द्वीप नावाचे एक लहानसे बेट आहे, त्यावर तेलाच्या प्रचंड वाटोळ्या टाक्या आहेत, आणि त्याच्या धक्क्यांना लागलेली लांबलचक, सखल, कसलाही डौल नसलेली जहाजे दिवसरात्र आपले पोट रिकामे करीत उभी असतात, याची दखल घेण्याचे कारण त्यांना सहसा पडत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात वीज पडून तेथील एक टाकी पेटली आणि दोन-तीन दिवस धुमसत राहिली, तेव्हा कोठे वर्तमानपत्रांतून हे नाव चार दिवस गाजले. मग लोक पुन्हा लेणी पाहू लागले. माहूल-ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ साली सुरू झाले तेव्हापासून त्यांचे अन्न याच वाटेने, समुद्रतळाखालच्या नळांतून, त्यांच्या तोंडी पडत आले आहे. पण मुंबईकराला आपल्या गाडीतले पेट्रोल पंपावर उगवते असेच वाटते.

बोटीवरच्या माणसाशी मी संसार केला. मुलांच्या शाळेच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय म्हणून ‘मरीन इंजिनियर’ असे वर्षानुवर्षे लिहिले. लग्नानंतरच्या आरंभीच्या काळात यजमानांबरोबर ज्या सफरी केल्या त्या मात्र कापूस, यंत्रे आणि खते वाहणाऱ्या जहाजांवरच्या होत्या. पुढे मुलांच्या शाळा आणि महाविद्यालयातील माझी इतिहासाची अध्यापकी यांनी मला किनाऱ्याशी जखडून टाकले, आणि यजमान तेवढ्यात तेलवाहू जहाजांकडे, म्हणजे टँकरकडे वळले. माझी नोकरी संपली आणि त्यांची संपावयास थोडा अवधी उरला, तेव्हा एकदा तरी हे टँकर प्रकरण डोळ्यांनी पाहावे असे मी मनावर घेतले. चीफ इंजिनियरला पत्नीस बरोबर नेण्याची मुभा असते. परंतु मुभा आणि मंजुरी यांच्या दरम्यान कचेरी नावाचा एक विस्तीर्ण प्रांत पसरलेला असतो. अर्ज, पारपत्र, प्रकृतीचा दाखला, पीतज्वराच्या लशीचा दाखला, आणि जहाजावर माझ्या जिवाचे काही बरेवाईट झाल्यास मी अगर माझे वारस यांनी कसलाही दावा लावू नये अशा आशयाचे कबुलीपत्र, इतक्या दस्तऐवजांनिशी माझे नाव अखेर हजेरीपटाच्या तळाशी, ज्याला कोणतेही काम नाही अशा जादा माणसाच्या सदरात, रुजू झाले.

जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर जहाजाच्या शिडीपाशी पहिली जप्ती झाली ती मोबाइलची. तो बंद करवून थेट निवासाच्या इमारतीत नेऊन ठेवावयाचा, डेकवर काढावयाचा नाही. आगपेटी कोणाजवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. आमचे जहाज या व्यवसायात मध्यमच म्हणावयाचे: लांबी सुमारे २४५ मीटर, रुंदी ४२, आणि वाहण्याची ताकद एक लाख टनांहून थोडी अधिक, म्हणजे बॅरलांच्या हिशेबात सात लाखांच्या वर. (१९७० च्या दशकात जपानात बांधलेले ‘सीवाइज जायंट’ ४५८ मीटर लांब होते आणि साडेपाच लाख टनांहून अधिक भार वाहत असे; अनेक मालक आणि अनेक नावे बदलून, इराण-इराक युद्धात बाँबचा मार खाऊन, ते शेवटी आपल्याच अलंगच्या किनाऱ्यावर तुकडे होण्यासाठी आले.) मालवाहू जहाजावर चढल्यावर क्रेनची गर्दी, उघडी कोठारे, दोरखंड, माथाड्यांची आरडाओरड, असे काहीतरी बंदर म्हणून डोळ्यांत भरते. येथे तांबड्या रंगाच्या ओसाड डेकवर टोकापासून टोकापर्यंत केवळ नळ: जाड नळ, बारीक नळ, नळांना फुटलेले नळ, आणि मध्यावर कडेला जोडलेले, किनाऱ्याकडे गेलेले काही पोलादी बाहू. डेकवरून पाणी समुद्रात जाण्याची भोके बुचे ठोकून बंद केलेली, की चुकून सांडलेला थेंबही बाहेर पडू नये. माल कोठेच दिसत नव्हता. पुढील सबंध सफरीत, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या तेलाचे दर्शन मला झाले ते नमुन्याच्या एका बाटलीत, आणि तेही काळपट तपकिरी, काकवीसारखे.

जहाजावरील हुद्द्यांची इंग्रजी नावे केवळ कागदोपत्री. बोलण्यात चीफ इंजिनियर तो ‘बडा साब’, त्याच्याखालचे ‘सेकंड साब’, ‘तीन साब’, ‘चार साब’, आणि विजेचे काम पाहणारा तो ‘बत्ती साब’. पूर्वी बिनतारी संदेशांचा ‘मार्कोनी साब’ही असे; उपग्रहांच्या नव्या व्यवस्थेने १९९९ नंतर त्याचे पद आणि नाव दोन्ही नाहीसे केले, आणि त्याच्याबरोबर, यजमान म्हणतात त्याप्रमाणे, जहाजावरचा उत्तमातला उत्तम पत्ते खेळणारा माणूसही गेला. डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या सारंग दाभोळकडचा होता. त्याचे आजे-पणजेही दर्यावरच गेले. मला पाहताच त्याने विचारले, “भाभी, आज खाली करून आपण निघणार, रिकामे. भीती नाही ना वाटत?” मी म्हटले, रिकाम्या जहाजाची कसली भीती? तो हसला. “भरली बोट गरीब असते. जपायचं ते रिकामीला.”

या वाक्याचा अर्थ पुरता उलगडण्यास मला सबंध जातानाचा प्रवास लागला, आणि तो उलगडला तेव्हा टँकरवरील इंजिनियराचा धंदा वास्तविक कशाचा आहे हेही उमगले.

परंतु त्याआधी थोडा इतिहास, कारण सवय जात नाही. तेल पिपांत न भरता जहाजातल्या टाक्यांतच भरावे ही कल्पना १८७८ साली कास्पियन समुद्रात लुडविग नोबेल याच्या ‘झोरोआस्टर’ने यशस्वी करून दाखविली, ज्याच्या नावाने पारितोषिके दिली जातात तो आल्फ्रेड त्याचा धाकटा भाऊ. आशियाच्या दृष्टीने मात्र खरी घटना १८९२ ची. त्या वर्षी मार्कस सॅम्युएल नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याचे ‘म्युरेक्स’ जहाज रॉकेल घेऊन सुवेझ कालव्यातून पूर्वेकडे आले. तोवर रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून, आणि दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात घालून येत असे. सॅम्युएलने हा सारा खर्च वाचविला आणि तेल स्वस्त केले. पण गिऱ्हाईक नाखूष झाले, कारण आशियातल्या गरीब घराला तेलाइतकाच डब्याचाही उपयोग होता: त्याच पत्र्याची छपरे, भांडी, शेगड्या आणि झाऱ्या होत. अखेर त्याने पत्रा आयात करून ठिकठिकाणी आपले डबे बनवविले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या डब्यांहून वेगळे ओळखू यावेत म्हणून ते लाल रंगविले. बापाचा धंदा शिंपल्यांच्या पेट्यांचा, म्हणून जहाजांना शिंपल्यांची नावे. ‘शेल’ कंपनी ती हीच. आमच्या घरीही घासलेटचे डबे होते. त्यांपैकी रिकामा डबा माझी आजी भरल्या डब्यापेक्षाही चुलीपासून लांब ठेवीत असे, आणि का म्हणून विचारले तर “त्याला जीव असतो” एवढेच सांगे.

आजीचे रसायनशास्त्र बरोबर होते. तेल पेटते ते द्रवरूपाने नव्हे, बाष्परूपाने. आणि काठोकाठ भरलेल्या टाकीत बाष्पास वावच नसतो. टाकी उपसली की तळाशी आणि भिंतींना राहिलेल्या लेपातून बाष्प सुटू लागते, बाहेरची हवा आत शिरते, आणि त्या मिश्रणात बाष्पाचे प्रमाण शेकडा १ ते १० यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरे. ठिणगीही लोखंडावर लोखंड आपटूनच पडावयास हवी असे नाही. १९६९ च्या डिसेंबरात ‘मारपेसा’, ‘माक्ट्रा’ आणि ‘काँग हाकोन सातवा’ ही तीन अवाढव्य आणि नवी कोरी जहाजे, तिन्ही रिकामी, तिन्ही आपल्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धूत असता, तीन आठवड्यांच्या आत स्फोटाने फाटली. ‘मारपेसा’ तर पहिल्याच सफरीत पश्चिम आफ्रिकेच्या समुद्रात बुडाली. पुष्कळ तपासानंतर दोष ठरला तो पाण्याचा: प्रचंड टाकीत उडालेल्या तुषारांच्या ढगात विजेचा भार साठतो, आणि तो ठिणगी पाडू शकतो. ज्या कामाने जहाज निर्मळ व्हावयाचे त्याच कामाने ते जळाले.

यावर जो तोडगा निघाला तो मला या साऱ्या विद्येतील सर्वात चातुर्याचा भाग वाटतो, आणि तो सर्वस्वी इंजिनियरांच्या ताब्यातला आहे. हवेत प्राणवायू शेकडा २१. बॉयलरमध्ये इंधन जाळले की धुराड्यातून निघणाऱ्या धुरात तो शेकडा ५ हून कमी उरतो. हा धूर वाया न घालविता वाटेत अडवून एका उंच नळकांड्यात घेतात, तेथे समुद्राच्या पाण्याचा मारा करून त्यातील काजळी आणि गंधक धुऊन काढतात, त्याला थंड करतात, आणि मोठाल्या पंख्यांनी तेलाच्या टाक्यांत भरतात. जसजसे तेल खाली जाईल तसतसा धुतलेला धूर वरून त्याची जागा घेत राहतो. हवेला प्रवेश नाही. प्राणवायू शेकडा ८ च्या वर जाऊ द्यावयाचा नाही असा दंडक आहे, कारण तो ११ च्या खाली असला तर तेलाचे बाष्प पेटत नाही. टाकीतील वायूने उलट फिरून इंजिनखोलीत येऊ नये म्हणून मार्गात पाण्याचा एक अडसर ठेवलेला असतो. डेकवर त्याची साधी, रंग उडालेली, बेढब टाकी मी रोज पाहत होते आणि तिला पिण्याच्या पाण्याची समजत होते. धुराने आगीचा बंदोबस्त करावयाचा, हा विचार प्रथम ज्याला सुचला त्याच्या डोक्याची मला असूया वाटते.

मात्र जो वायू आगीला जगू देत नाही तो माणसालाही देत नाही. अशा टाकीत चुकून उतरलेला मनुष्य दोन-तीन श्वासांत कोसळतो. त्याला काढावयास धावलेला दुसरा त्याच्यावर पडतो. टँकरांवरील मृत्यूंच्या कथा यजमान क्वचितच सांगतात, पण ज्या सांगितल्या त्यांपैकी बहुतेकींत मेलेला दुसरा माणूस हा वाचवावयास गेलेला होता. त्यात आखातातील काही तेलांत गंधकाचा एक विषारी वायू असतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यांचा दर्प येतो, फार असला तर नाकाची संवेदनाच मरते आणि काहीच येत नाही. म्हणून बंदिस्त जागेत पाऊल टाकण्यापूर्वी मापकाने हवा तपासावयाची, परवान्यावर सह्या घ्यावयाच्या, दाराशी एक माणूस नुसता उभा करावयाचा, आणि आतून हाक आली तरी त्याने आत जावयाचे नाही. तेलाचे पंप असतात त्या खोलीत उतरण्याची माझी विनंती मोठ्या मालिमसाहेबांनी, म्हणजे चीफ ऑफिसरांनी, विनयाने फेटाळली. मी फक्त तिच्या वरच्या दारातून खाली पाहिले: लोखंडी जिन्यांची पाच-सहा वळणे, पिवळा उजेड, आणि तळाशी जमिनीशी बोलत असल्यासारखा घुमणारा एक सखोल आवाज.

त्या आवाजाचे मूळ मला भिंतीच्या अलीकडून, इंजिनखोलीतून, पाहावयास मिळाले. मुंबईस तेल उतरविणे अद्याप चालू होते. इंजिनखोलीच्या पुढच्या पोलादी भिंतीपाशी वाफेवर फिरणारी तीन टर्बाइने होती, आणि प्रत्येकाचा फिरता दांडा भिंतीच्या आरपार जाऊन पलीकडच्या पंपाला जोडलेला होता. म्हणजे वाफ, वीज, तापलेला धातू, ठिणगीची सारी कुळे अलीकडे. तेल आणि त्याचे बाष्प पलीकडे. आणि या दोन मुलुखांच्या सरहद्दीला दर दांड्यापुरते एकेक छिद्र, ज्यातून मनगटापेक्षा कितीतरी जाड दांडा अखंड फिरतो आहे आणि तरी वायूचा कणही इकडे येता कामा नये. त्या छिद्राभोवती वंगणाने भरलेले एक वायुरोधक कडे बसविलेले असते. त्याचे तापमान दाखविणारा आकडा वर नियंत्रणखोलीत उमटतच असतो, तरीही चार साब, पंचविशीही न उलटलेला एक सडपातळ मुलगा, प्रत्येक फेरीत तेथे येऊन वाकून पाही, वंगणाची पातळी न्याहाळी, आणि हातातल्या चिंधीने ते कडे पुसून टाकी. “आकडा वर दिसतोच ना रे?” मी कानांवरचे आच्छादन किंचित दूर करून ओरडले. “दिसतो, काकू. पण बडे साब विचारतात, पाहिलंस का? वाचलंस का असं नाही विचारत.”

हा मुलगा इस्लामपूरकडचा. वडील साखर कारखान्यात फिटर. दुपारच्या चहाला तो माझ्याशी घरचे मराठी बोलावयास येऊन बसे, आणि त्याच्याकडून मला या व्यवसायाची सनद आजकाल कशी मिळवावी लागते ते कळले. यजमानांच्या वेळी मार्ग सरळ होता: सरकारने १९४९ साली काढलेली डी. एम. ई. टी. ही संस्था, कलकत्त्यास तारातळ्यावर चार वर्षे, आणि शिक्षण जवळजवळ फुकट. आता बारावीनंतर चार वर्षांची पदवी, नाही तर यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन वर वर्षभराचे प्रशिक्षण. २००८ पासून या सर्वांवर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची छत्री आहे, पण खाजगी महाविद्यालयांची फी ऐकून माझी छाती दडपली. पुढे जहाजावर काही काळ काढला की जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा: प्रथम ‘क्लास फोर’, मग ‘टू’, मग ‘वन’, लेखी आणि तोंडी, आणि त्यांतील तोंडीचा धाक असा की, वादळात न डगमगलेले गृहस्थ परीक्षकाच्या मेजासमोर गारठतात. टँकरवर काम करावयाचे तर त्याचे शिक्षण आणि शिक्का आणखी निराळा. शिवाय तेलकंपन्यांचे निरीक्षक वरच्या अधिकाऱ्यांच्या टँकरवरील अनुभवाची वर्षेही मोजून पाहतात, म्हणून या शाखेत एकदा शिरलेला मनुष्य बहुधा येथेच मुरतो. पगार इतर जहाजांहून बरा. परंतु अनेकांचा तो करारापुरताच: समुद्रावर असेतो मिळतो आणि घरी परतलो की थांबतो.

सर्वात कठीण पायरी पहिली. शिकून बाहेर पडलेल्या मुलांना पहिले जहाज मिळता मिळत नाही, आणि त्या मुदतीत त्यांना गाठतात ते दलाल. उमेदवाराकडून नोकरी लावण्याबद्दल पैसे घेणे कायद्याने निषिद्ध आहे. तरी चार साबाच्या वडिलांनी अशा एकाला भविष्यनिर्वाह निधीतून काढून रक्कम दिली, तो इसम कचेरीसकट अंतर्धान पावला, आणि पोलीसठाण्यात अर्जाची पोच तेवढी मिळाली. मुलाला जहाज मिळाले ते पुढे दीड वर्षाने, सरळ मार्गाने. शेतजमीन अगर दागिने मोडून मुलाला दर्यावर पाठवू इच्छिणाऱ्या पालकांनी दलालाचा परवाना महासंचालनालयाच्या यादीशी ताडून पाहावा, आणि तो असला तरी पैसा देऊ नये, हे मी येथे प्रवासवर्णनाची मर्यादा सोडून लिहिते आहे.

इंजिनखोलीतील संसार वाटून दिलेला असतो: चार साबाकडे इंधन शुद्ध करणारी यंत्रे आणि हवेचे कॉम्प्रेसर, तीन साबाकडे वीज निर्माण करणारी इंजिने, सेकंड साबाकडे मुख्य इंजिन, आणि बड्या साबाकडे सगळ्यांची जबाबदारी. मुख्य इंजिन तीन मजले उंच. एकेका सिलिंडरात माणूस उभा राहील. आणि तरी त्याचा वेग मिनिटास अवघा सत्तर-ऐंशी फेऱ्या, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीहून फारसा निराळा नाही. ते जे इंधन पिते ते शुद्धीकरणानंतर उरलेले जड, घट्ट तेल. ते तापवावे तेव्हा वाहते, आणि अतिवेगाने घुसळून त्यातील पाणी आणि गाळ वेगळा काढावा तेव्हा जळते. २०२० पासून त्यात गंधक शेकडा अर्ध्याहून अधिक चालत नाही, म्हणून त्याचे भाव चढले आहेत. पोटात लाखभर टन तेल असता त्यातील एक थेंबही स्वतःसाठी जाळता येत नाही आणि स्वतःचे इंधन निराळ्या टाक्यांत विकत भरून न्यावे लागते, या गोष्टीचे नवल माझ्याखेरीज जहाजावर कोणालाच वाटत नव्हते. रात्री इंजिनखोलीत कोणी नसते. यंत्रे स्वतःवरच पहारा ठेवतात, आणि काही बिनसले तर पाळीवर असलेल्याच्या खोलीत घंटा वाजते. ही घंटा पहाटे दोन ते चार यांच्या दरम्यान वाजण्याची विशेष आवड ठेवून असते, असे तिघांच्याही डोळ्यांवरून दिसे.

होर्मुझची सामुद्रधुनी आम्ही दिवसाउजेडी ओलांडली. डाव्या हातास मुसंदमचे गवताची काडीही नसलेले, उन्हाने करपलेले, सुळक्यासुळक्यांचे डोंगर. उजवीकडे धुक्यासारख्या धुळीत इराणचा किनारा. अरुंदात अरुंद ठिकाणी रुंदी चाळीस किलोमीटरांच्या आत, आणि त्यातही मोठ्या जहाजांना येण्याची एक व जाण्याची एक अशा जेमतेम दोन-दोन सागरी मैल रुंदीच्या वाटा आखून दिलेल्या. आत जाणारी सारी जहाजे उंच तरंगणारी, तांबडे पोट उघडे टाकलेली. बाहेर येणारी सारी पाण्यात दबलेली. याच वाटेने मध्ययुगात होर्मुझचे व्यापारी अरबी घोडे गलबतांत घालून चौल, दाभोळ आणि गोव्यास उतरवीत, आणि दख्खनच्या सुलतानांचे व विजयनगरचे घोडदळ त्यांच्यावर अवलंबून असे. घोडे वाटेत मरत, आणि त्यांची किंमत पुढच्या घोड्यांवर चढे. मी हे सारंगाला सांगितले तेव्हा दाभोळचे नाव निघाल्याने तो प्रसन्न झाला, पण घोड्यांवर त्याचा विश्वास बसला नाही. एवढ्या दिवसांची वैरण आणि पाणी ठेवीत कुठे, हा त्याचा आक्षेप, आणि तो इतिहासाच्या पुष्कळ परीक्षकांच्या आक्षेपांहून अधिक मुद्द्याचा होता.

तेल भरावयास आम्ही गेलो ते सौदी अरेबियातील रास तनूरा बंदरात. तेथे १ मे १९३९ रोजी राजे अब्दुल अझीझ यांनी स्वहस्ते चावी फिरवून ‘डी. जी. स्कोफील्ड’ या जहाजात त्या देशाच्या तेलाचा पहिला टँकरभर साठा सोडला. आम्हांस त्या भूमीचे दर्शन झाले ते समुद्रात दूरवर उभ्या केलेल्या लोखंडी धक्क्यावरून, क्षितिजावरील काही मशाली आणि टाक्यांच्या रूपाने. जहाजावरील दारूची कोठडी मोहोरबंद झाली, जकातीचे अधिकारी आले, कागद पाहून गेले. तेल प्रथम अगदी हळू, सेकंदास एक मीटरच्या आत, सोडतात, कारण नळातून वेगाने धावणारे तेलही विजेचा भार साठविते. तळ झाकला गेला की वेग वाढवितात. मग दिवसभरात जहाज मुकाट्याने कित्येक मीटर खाली गेले. कोणीही किनाऱ्यावर उतरले नाही. चार साबाच्या पारपत्रावर आणि दर्यावर्दीच्या नोंदपुस्तकावर अर्ध्या जगाच्या बंदरांचे शिक्के आहेत, आणि त्यांपैकी किती गावांत तू चहा प्यालास असे मी विचारले तेव्हा त्याने बोटे मोजावयास सुरुवात केली आणि एका हातावर थांबला.

परतीच्या वाटेवर यजमानांचा बराच वेळ मेजाशी गेला. इंजिनखोलीच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी यंत्राने गाळून, त्यात तेल दशलक्षात १५ भागांहून कमी उरले तरच समुद्रात सोडता येते, आणि प्रत्येक वेळी कोठे, किती, केव्हा याची नोंद तेलाच्या नोंदवहीत करून सही करावी लागते. १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ इंग्लंडच्या टोकाशी खडकावर फुटले, सुमारे एक लाख वीस हजार टन तेल वाहून गेले, आणि जगाने १९७३ चा प्रदूषणाविरुद्धचा करार केला. ही वही त्या कराराची. गाळणी कुरकुरू लागली आणि किनाऱ्यावर गाळ देण्याचा खर्च कंपनीस नकोसा झाला, की काही जहाजांवर रात्रीतून एक चोरनळी जोडली जाते, आणि वहीत सर्व यथास्थित दिसते. असल्या खोट्या नोंदींबद्दल अमेरिकेत चीफ इंजिनियर तुरुंगात गेले आहेत. खर्च वाचवा असे सुचविणारा आवाज सहसा कागदावर नसतो. सही मात्र असते. यजमानांनी आपल्या हातची जुनी वही मला दाखविली: तीच ती सही, पानोपान, आणि एका जागी तांबड्या शाईत, ‘यंत्र नादुरुस्त, पाणी जहाजावरच ठेवले’. तेव्हाच्या मालकांनी त्यावरून बराच तगादा लावला होता म्हणे.

मुंबईचा हुकूम वाटेत फिरला आणि आम्ही कच्छच्या आखातात वाडीनारला गेलो. तेथे कच्च्या तेलाच्या जहाजांना धक्का नाही. खोल पाण्यात नांगरलेल्या एका मोठ्या तरंगत्या बोयाला जहाजाचे नाक बांधतात, तरंगत्या रबरी नळांनी तेल समुद्रतळाकडे उतरते, आणि भरती-ओहोटी फिरेल तसे सबंध जहाज त्या बोयाभोवती फिरत राहते. तेल येथून नळांनी पार मथुरेपर्यंत जाते. यजमानांची मुदत बाकी होती. माझी आणि चार साबाची संपली होती. आम्ही लाँचने उतरलो आणि जामनगरच्या गाडीत बसलो. त्याला ‘क्लास टू’च्या परीक्षेला बसावयाचे होते, त्यासाठीचे सागरसेवेचे दाखले एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्याने मांडीवर घट्ट धरले होते.

“काकू, एक विचारायचंय,” थोडे अंतर गेल्यावर तो म्हणाला. “धाकटी बहीण बारावीला आहे. तिलाही यायचंय, इंजिनमध्ये. सोनाली बॅनर्जी १९९९ ला भारतातली पहिली महिला मरीन इंजिनियर झाली, आता आणखी मुली आहेत, हे सगळं तिनं पाठ करून ठेवलंय. बाबा तयार आहेत. आई म्हणते, वर्षातले आठ महिने पाण्यावर राहणारीशी लग्न कोण करील?”

मी म्हटले, “बहिणीला सांग, गणित पक्कं कर आणि कुठल्याही दलालाला दमडी देऊ नकोस. आणि आईला माझा नंबर दे. वर्षातले आठ महिने पाण्यावर राहणाऱ्याशी लग्न करून बसलेली बाई आहे म्हणावं. काय विचारायचं ते मला विचारा.”

त्याने लगेच फोन काढला आणि नंबर लिहून घेतला. त्याच रात्री, जामनगरहून पकडलेली आगगाडी राजकोटला उभी असताना, आईंचा फोन आला. आणि पहिला प्रश्न लग्नाचा नव्हता, जेवणाचा होता.